पासिंगच्या आदल्या दिवशी : नव्या गाडीच्या ताब्याचं एक प्रकरण

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, काय तुटलं, काय आधीच तुटलेलं होतं ते ठरवायचं आणि अहवाल लिहायचा, हा माझा धंदा. नवी गाडी बघायला मला सहसा कुणी बोलवत नाही, बोलावतात ते पेढे खायला. २०२५च्या दसऱ्याआधी मात्र एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर मला डीलरच्या यार्डात जावं लागलं. त्या कुटुंबाच्या संमतीने ते प्रकरण इथे मांडतोय. माणसं, गाव, गाडीचं मॉडेल आणि डीलर यांची ओळख ठेवलेली नाही. घटनाक्रम जसा घडला तसाच आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं ठिकाण. नवरा-बायको दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यांना इथे सर आणि बाई म्हणतो. घरात सरांची आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. एक जुनी स्कूटर, बाकी सगळा प्रवास एसटीने. ही त्यांची पहिलीच चारचाकी.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ११ हजार रुपये भरून त्यांनी एक छोटी पेट्रोल गाडी बुक केली. रंग बाईंनी ठरवला, निळा. मग १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कमी होणार असल्याचं सूतोवाच झालं आणि गाड्यांचा बाजार जागच्या जागी थांबला. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला: लांबीने चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का उपकर होता, तो २२ सप्टेंबरपासून सरसकट १८ टक्के. शहाण्या माणसाने २२ तारखेआधी बिल करून घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यात पितृपक्ष २१ तारखेला संपत होता आणि २२ला घटस्थापना. म्हणजे कर कमी होण्याचा आणि शुभकार्याला सुरुवात होण्याचा दिवस एकच. दीड महिना अडून बसलेलं सगळं गिऱ्हाईक दहा दिवसांत शोरूमवर येऊन आदळलं आणि त्यातल्या प्रत्येकाला गाडी हवी होती दसऱ्याला, २ ऑक्टोबरला.

याची दुसरी बाजू सहसा लक्षात येत नाही. गिऱ्हाईक थांबलं तरी कारखान्यातून गाड्या येतच असतात. त्या डीलरच्या यार्डात उभ्या राहतात, पावसात, चिखलात, एकमेकींना चिकटून. जागा करायला त्या पुढेमागे हलवल्या जातात. आणि गर्दीच्या दहा दिवसांत यार्डातलं जे हाती लागेल ते धुऊन-पुसून पुढे केलं जातं.

अडचण

रविवारी, २८ सप्टेंबरला रात्री सरांचा फोन आला. शोरूमचा मुलगा म्हणाला होता, उरलेली रक्कम सोमवारी दुपारपर्यंत भरा, मंगळवारी पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, करतो, गुरुवारी सकाळी साडेदहाला डिलिव्हरी. सरांना माझ्याकडून एवढंच हवं होतं की डीलरने सांगितलेला विम्याचा हप्ता जास्त आहे का.

मी विचारलं, "चेसिस नंबर दिलाय का त्यांनी? म्हणजे नेमकी कोणती गाडी, ते?"

"नाही."

"गाडी बघितली?"

"डिलिव्हरीच्या दिवशी बघणारच आहोत की."

या उत्तरात सगळी अडचण आहे. ती सरांची एकट्याची नाही, दहातले नऊ जण असंच समजतात. डिलिव्हरीच्या दिवशी गाडीवर रेशमी कापड असतं, केक असतो, फोटोग्राफर असतो, घरची आई ओवाळायला तबक घेऊन उभी असते. त्या वेळी खाली वाकून टायरवरचे आकडे वाचायचं धाडस कुणाला होत नाही, आणि झालं तरी उशीर झालेला असतो. कारण तोपर्यंत गाडीचं पासिंग होऊन गेलेलं असतं.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरच करतो आणि नंबर लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही, असा नियम आहे. पूर्वी तात्पुरता नंबर लावून गाडी घरी येत असे आणि पासिंग मागाहून होई. आता क्रम उलटा झाला. नियम चांगलाच आहे, पण त्याचा एक परिणाम असा की गाडी पहिल्यांदा नीट दिसते तेव्हा ती तुमच्या नावावर चढलेली असते. नोंदणी झालेली गाडी डीलरने परत घेतली तर ती कागदोपत्री जुनी गाडी. त्यामुळे तो ती परत घेत नाही, दुरुस्त करून देतो म्हणतो. साडेसात लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के रस्ता कर, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर रक्कम भरून झालेली असते, तीही मध्ये अडकते.

दसरा गुरुवारी, त्याच दिवशी गांधी जयंतीची सुट्टी. म्हणजे पासिंग बुधवारपर्यंत व्हायलाच हवं होतं. गाडी बघायला आमच्या हातात फक्त सोमवार होता.

पहिला निर्णय : पैसे आधी की गाडी आधी

सोमवारी सकाळी सरांनी शोरूमला फोन करून गाडी बघायची आहे म्हणून सांगितलं. उत्तर ठरलेलं होतं. यार्डात ग्राहकांना परवानगी नाही, आणि आमची पीडीआय झालेली असते, काळजी करू नका. पीडीआय म्हणजे डिलिव्हरीपूर्वीची तपासणी. ती डीलर करतो हे खरं, पण ती डीलर स्वतःसाठी करतो.

सर भांडले नाहीत. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश टाकला. शब्द साधारण असे होते: "उरलेली रक्कम तयार आहे. चेसिस नंबर कळवावा आणि गाडी दाखवावी. पाहून झाल्यावर जागेवरच आरटीजीएस करतो." पाऊण तासात यार्डाचा पत्ता आला.

पैसे हातात होते म्हणून हे जमलं. अर्धेच हातात होते, हे मात्र मला यार्डाच्या वाटेवर कळलं. शिक्षकांच्या पतसंस्थेने साडेचार लाखांच्या कर्जाचा चेक कोटेशनवर शनिवारीच डीलरच्या नावाने देऊन टाकला होता. सरांनी तो स्वतः नेऊन दिला, कारण शोरूमचा मुलगा म्हणाला, "चेक आला की गाडी ब्लॉक होते." कोणती गाडी, ते सरांनी विचारलं नाही.

यार्डात काय दिसलं

गावाबाहेर, खडी टाकलेलं मैदान. सप्टेंबर संपत आला तरी पाऊस हटत नव्हता. निळी गाडी पत्र्याच्या शेडखाली अंधारात होती आणि नुकतंच पाणी मारलेलं. ओल्या रंगावर ओरखडा दिसत नाही आणि शेडखाली रंगातला फरक दिसत नाही, म्हणून मी आधी ती उघड्यावर आणून कोरडी पुसायला लावली. सोबत असलेल्या शोरूमच्या मुलाचं तोंड तिथेच वाकडं झालं.

सुरुवात चेसिस नंबरापासून. तो सतरा अक्षरांचा असतो आणि बहुतेक कंपन्यांत त्यातलं दहावं अक्षर गाडीचं वर्ष सांगतं. २०२३ला पी, २०२४ला आर, २०२५ला एस. क्यू हे अक्षर चेसिस नंबरात वापरतच नाहीत, म्हणून पी नंतर एकदम आर. इथे एस होता, म्हणजे वर्ष बरोबर. महिना कुठल्या अक्षरात लपवायचा हे मात्र कंपनीगणिक बदलतं, तिथे अंदाज करत बसू नये. विक्रीच्या प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१मध्ये, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. मी मुलाला म्हटलं, फॉर्म २१ तयार नसेल तर कंपनीकडून गाडी आली त्याचं बिल दाखव. तो आधी म्हणाला होता, "ऑगस्टची गाडी आहे सर." बिल निघालं फेब्रुवारीचं.

सात महिने उभी असलेली गाडी म्हणजे खराब गाडी असं नाही. बॅटरी उतरते, टायर एका जागी दाबले जातात, उंदीर वायरी कुरतडतात. हे सगळं बघता येतं आणि बरंचसं दुरुस्त होतं. बंद गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज ११.९ निघाला. बरी बॅटरी साडेबाराच्या आसपास दाखवते. बॉनेटखालच्या वायरी शाबूत होत्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहिले, पाण्यात बसलेल्या गाडीत पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा बुरशी सापडते. तसं काही नव्हतं. किलोमीटर ४१, तेही चालण्याजोगं.

मग टायर. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे कधी कधी आतल्या बाजूला टॉर्च मारून वाचावे लागतात. तीन टायरवर ०३२५ आणि ०४२५, म्हणजे जानेवारी २०२५. स्टेपनीवरही तेच. फेब्रुवारीच्या गाडीला अगदी शोभतील असे. मागचा डावा टायर मात्र २२२५. बाविसावा आठवडा, म्हणजे मेचा शेवट.

टायर गाडीपेक्षा थोडा जुना असला तर काही बिघडत नाही, कारखान्यातही टायर आधी येतात आणि गाडी मागाहून बनते. टायर गाडीपेक्षा नवा असला तर तो बदललेला आहे, दुसरं स्पष्टीकरण नाही. आणि यार्डात उभ्या गाडीचा एकच टायर कुणी उगाच बदलत नाही.

माझ्या पिशवीत रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतो. या गाडीचं छत, बॉनेट, उजवी बाजू, डावीकडचा पुढचा दरवाजा सगळीकडे १०५ ते १२५. डावीकडचा मागचा दरवाजा २४०. त्याच्या मागचा क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकाभोवतीचा पत्रा, कुठे २६०, कुठे ३१०. हातासरशी मी बंपरही मोजायला घेतला, तेव्हा सरांनी विचारलं, तिथे आकडा का येत नाही? बंपर प्लास्टिकचा, हे यंत्र पत्र्यावरच चालतं. बंपरचा रंगही पत्र्याच्या रंगापेक्षा किंचित वेगळा वाटू शकतो, त्यावरून घाबरायचं कारण नसतं.

यंत्र नसेल तर काय, असं मला नेहमी विचारतात. इथे यंत्राशिवायही कळलं असतं. मागच्या दरवाजाच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला होता, म्हणजे दरवाजा काढून परत बसवलाय. रबराच्या बीडिंगच्या कडेला निळ्या रंगाचे बारीक शिंतोडे होते. उन्हात तिरकं बघितलं तर पॅनेलवरचं प्रतिबिंब किंचित लाटेसारखं हलत होतं. काचांवरचे छाप सगळे एकसारखे होते, त्यामुळे काच फुटलेली नव्हती.

डिकीचं अस्तर उचलून आतून पाहिलं. जोडावरचा मूळ सीलंट तसाच होता, वेल्डिंग नवं नव्हतं. दरवाजा बोल्टने बसतो, तो उद्या बदलता येतो. क्वार्टर पॅनेल गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, तो कापून बदलला असता तर मी सरांना तिथूनच घरी नेलं असतं. तसं झालेलं नव्हतं. डाव्या मागच्या कोपऱ्याला कशाचा तरी मार बसला, ट्रेलरवरून उतरवताना किंवा यार्डातल्या खांबाचा, मग डेंट काढून रंग मारला आणि टायर फाटला म्हणून बदलला, हा माझा अंदाज. सुरक्षेला बहुधा धोका नाही. पण नवी गाडी म्हणून विकायची असेल तर हे सांगायला हवं होतं.

मुलगा म्हणाला, "सर, कंपनीतूनच असं येतं कधीकधी." कारखान्यातही एखादा पॅनेल पुन्हा रंगवतात, हे खरं आहे. पण कारखाना मेमधला टायर फेब्रुवारीच्या गाडीला लावत नाही.

समोरचे पर्याय

संध्याकाळी आम्ही शोरूममध्ये मॅनेजरसमोर बसलो. बाईही शाळेतून थेट आल्या. मॅनेजरने आधी चहा मागवला, मग मुद्द्यावर आला.

त्याचा पहिला प्रस्ताव: हीच गाडी घ्या, २५ हजार कमी करतो, वाढीव वॉरंटी फुकट, नवी बॅटरी. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही असता तर घेतली असती का?" मी खोटं बोललो नाही. पुरेशी सूट मिळाली आणि सगळं लेखी मिळालं तर मी घेतली असती, कारण मला त्या कोपऱ्याची अंदाजे किंमत कळते. पण उद्या हीच बाजू ठोकली तर माझ्यासारखाच कुणी सर्व्हेअर जुन्या रंगाचा थर बघून प्रश्न विचारणार, विकायला काढली तर गिऱ्हाईक विचारणार, आणि प्रत्येक वेळी उत्तर सरांना द्यावं लागणार.

दुसरा प्रस्ताव राखाडी गाडीचा. ऑगस्टचं उत्पादन, लगेच हजर, दसरा साधतो. सर इथे विरघळले होते. बाई म्हणाल्या, "मला ती दहा वर्षं बघायचीय." विषय संपला.

तिसरा, निळ्यासाठी थांबायचं. दोन ते तीन आठवडे, म्हणजे दिवाळी. मॅनेजरने लगेच आठवण करून दिली की सप्टेंबरची १५ हजारांची सवलत योजना उद्या संपते, ऑक्टोबरला काय येईल ते कंपनीच्या हातात. वर पतसंस्थेचं व्याज चेक दिल्यापासून सुरू झालेलं होतं.

चौथा, बुकिंग रद्द करून दुसरीकडे जायचं. पैसे परत येईपर्यंत दिवाळी उलटली असती आणि दुसऱ्या शोरूमची रांग शेवटून सुरू झाली असती.

ग्राहक आयोगाचा विषय मुलीने फोनवरून काढला. माझं मत वेगळं होतं. गोव्यात जुन्या उत्पादनवर्षाची, काही शे किलोमीटर चाललेली गाडी नवी म्हणून विकल्याचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०२१च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की डीलरच्या लबाडीची माहिती कंपनीला होती हे सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही. तिथे ग्राहकाची गाडी घेऊन झालेली होती आणि निकाल लागायला वर्षं गेली. आमची गाडी अजून पासच झालेली नव्हती. दाव्याची पायरी आली नव्हती, 'नको' म्हणणं पुरेसं होतं.

ते तितकं सोपं मात्र नव्हतं. मॅनेजरने कागद पुढे सरकवला. "साहेब, बिल झालंय. शनिवारीच. विमाही निघालाय या चेसिसवर. आता बदलता येत नाही सिस्टिममधून."

चेक मिळाल्याबरोबर त्यांनी बिल फाडलं होतं आणि न विचारता विमा काढला होता. सरांचा चेहरा उतरला. मी विचारलं, "रस्ता कर भरला?" नव्हता भरला. मग बदलता येतं. बिलाविरुद्ध क्रेडिट नोट, म्हणजे ते बिल उलटवणारा कागद, काढता येते, जीएसटीच्या कायद्यात त्याची सोय आहे. विम्याची पॉलिसी रद्द करून नव्या चेसिसवर काढता येते, हे तर माझ्या रोजच्या कामातलं. कर भरून नंबर पडला असता तर मात्र मीही गप्प बसलो असतो.

शेवटचा निर्णय मॅनेजरनेच करून दिला असं म्हणावं लागेल. सर शांतपणे म्हणाले, "डावा मागचा दरवाजा आणि पॅनेल रंगवलेत, टायर बदललाय, एवढं तुमच्या लेटरहेडवर लिहून सही-शिक्क्यासह द्या. मग २५ हजारांचा विचार करतो." मॅनेजर म्हणाला, तसं लिहून देता येणार नाही.

"मग गाडी नको."

काय केलं

त्याच रात्री सरांनी डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एक मेल पाठवला. मराठीतच लिहिला, आणि फार चांगला लिहिला. आरोप एकही नाही. चेसिस नंबर, टायरांचे आकडे, रंगाच्या जाडीचे आकडे, फोटो. खाली चार मागण्या: बिल आणि पॉलिसी रद्द करावी, त्याच रंगाची ऑगस्टनंतर बनलेली गाडी द्यावी, सप्टेंबरची योजना लागू ठेवावी, आणि पुढच्या गाडीचं बिल ती दाखवल्याशिवाय करू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी देऊन ठेवला होता, तो लावायची वेळ आली नाही.

बुधवारी, खंडेनवमीला, कंपनीच्या विभागीय माणसाचा फोन आला. संध्याकाळपर्यंत डीलर कबूल झाला. योजनेतले १५ नाही, १० हजार देतो म्हणाला. सरांनी ताणलं नाही. मी ताणलं असतं.

दसऱ्याला त्यांच्या दारात गाडी नव्हती. आजींनी स्कूटर धुवायला लावली, तिला झेंडूचा हार घातला आणि तिचीच पूजा केली. मी सोनं द्यायला गेलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तुमच्यामुळे राहिली हो गाडी." त्यात राग किती आणि थट्टा किती, हे मला अजून सांगता यायचं नाही.

दुसरी निळी गाडी १६ ऑक्टोबरला आली. या वेळी मी गेलो नाही. सरांनी माझ्याकडून यंत्र मागून घेतलं आणि सुट्टी टाकून सकाळच्या उजेडात गेले. उत्पादन सप्टेंबर, पाचही टायर ऑगस्टचे, रंग सगळीकडे १०० ते १३०. डाव्या पुढच्या व्हील कव्हरवर ओरखडा होता, तो जागेवर बदलून घेतला. एसी, चारही काचा, वायपर, सगळे दिवे, दोन्ही किल्ल्या त्यांनी एकेक करून पाहिल्या. अर्धा तास इंजिन चालू ठेवून खाली पुठ्ठा टाकला, त्यावर तेलाचा थेंब पडतो का बघायला. ही युक्ती माझी नव्हे, सरांची.

त्याहून महत्त्वाचं त्यांनी पासिंगच्या अर्जात पकडलं. कर्ज पतसंस्थेचं, पण बोजाच्या, म्हणजे गाडी कुणाकडे तारण आहे त्या, रकान्यात एका बँकेचं नाव पडलं होतं, बहुधा आधीच्या कुणाच्या अर्जावरून तसंच राहिलेलं. पासिंग झाल्यावर ते दुरुस्त करायला आरटीओच्या किती चकरा झाल्या असत्या, कोण जाणे. कोटेशनमध्ये 'लॉजिस्टिक' नावाने साडेसहा हजारांची एक ओळ होती. सरांनी तिची वेगळी पावती मागितली आणि ओळ गायब झाली. विमा त्यांनी बाहेरून काढला. तृतीय पक्षाचा तीन वर्षांचा आणि स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा, नव्या कारला लागतो तोच, डीलरपेक्षा नऊ हजारांनी कमी. तो कुठून घ्यायचा हे ग्राहक ठरवतो, पण शोरूममध्ये हे कुणी आपण होऊन सांगत नाही.

निष्पत्ती

दिवाळीच्या पाडव्याला, २२ ऑक्टोबरला, नंबरप्लेट लागलेली गाडी घरी आली. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा, पण आजींना तो चालला. जास्तीचा खर्च म्हणाल तर पतसंस्थेचं पंचवीस दिवसांचं व्याज, तीन हजारांच्या घरात, आणि योजनेतले गेलेले पाच हजार. विम्यात आणि 'लॉजिस्टिक'मध्ये त्याच्या जवळजवळ दुप्पट वाचले, पण ते पहिली गाडी नाकारली नसती तर बहुधा वाचलेच नसते, कारण तोपर्यंत सर शोरूममध्ये प्रश्न विचारायला लाजत होते.

सगळं जमलं असंही नाही. नोव्हेंबरात घाटात टायर पंक्चर झाला. स्टेपनी होती, जॅक होता, नट उघडायचा पाना नव्हता. डिलिव्हरीच्या दिवशी ताबा-यादीवर सरांनी सह्या केल्या तेव्हा बाई आजींचा पदर सावरत होत्या, फोटोग्राफर "सर, इकडे बघा" म्हणत होता आणि यादीत 'टूल किट' समोर बरोबरची खूण आधीच छापलेली होती. डीलर म्हणाला, तुमची सही आहे. सरांनी साडेतीनशे रुपयांना पाना विकत घेतला.

आज पुन्हा केलं तर

कर्जाचा चेक आधी देऊन टाकणं ही या प्रकरणातली सगळ्यात महागात पडू शकणारी चूक होती. पतसंस्था, बँका कोटेशनवर पैसे सोडतात, पण ते नेमके कधी सोडायचे हे कर्जदार सांगू शकतो. आधी चेसिस नंबर लेखी, मग गाडी, मग चेक. बुकिंगच्या फॉर्मवरच 'गाडी दाखवल्यानंतर बिल करावे' असं स्वतःच्या हाताने लिहून त्याची प्रत ठेवता येते. सरांनी ऑगस्टमध्ये ते लिहिलं असतं तर शनिवारचं बिल कदाचित झालंच नसतं.

माझी स्वतःची चूक वेगळी. यार्डात मी मुलाच्या देखत एकेक दोष मोठ्याने बोलून दाखवला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा तो, पगार विक्रीवर. गाडी त्याने रंगवली नव्हती, त्याला ते ठाऊकही नसावं. त्याऐवजी मी आधी डीलरची पीडीआयची शीट मागायला हवी होती, तारीख आणि तपासणाऱ्याच्या सहीसकट. ती मी विसरलो. त्या शीटवर डाव्या मागच्या कोपऱ्यासमोर काय लिहिलं होतं, हे मला आजही बघायला आवडलं असतं.

बाईंचं म्हणणं आणखी पुढचं आहे. त्यांच्या मते आपण आपली गाडी बदलून घेतली आणि गप्प बसलो, हे बरोबर झालं नाही. मेलमध्ये पाचवी मागणी हवी होती: ही गाडी पुढे ज्याला विकाल त्याला लिहून सांगा. मी म्हटलं, आपल्याला तो अधिकार नाही. त्या म्हणाल्या, मागायला अधिकार कशाला लागतो? सरांनी जानेवारीत पहिल्या सर्व्हिसिंगच्या निमित्ताने तसा मेल पाठवला. उत्तर आलेलं नाही.

ती निळी गाडी यार्डात राहिलेली नाही, एवढं सरांनी पाहिलंय. तिच्या चेसिस नंबराचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.